खोलीला १२,००० जास्त, बिलात ६२,४०० जास्त: हा खर्च नक्की सोसतो कोण?

कुळागरातली_सून (डिचोली)

नमस्कार. मी एका पतसंस्थेत हिशेब लिहिते, त्यामुळे आधी आकडे आणि मग प्रश्न. पक्षाचं राजकारण कृपा करून आणू नका, घरात ते पुरेसं आहे.

जुलैत सासरे (वय ७४) कुळागरात, म्हणजे आमच्या सुपारीच्या बागेत, शेवाळावरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. रात्र, वर पाऊस धो धो. शेजाऱ्याने सुचवलेल्या एका खाजगी इस्पितळात नेलं. गोवा सरकारच्या दीनदयाळ आरोग्य योजनेचं कार्ड तिथे चालत नव्हतं, पण नवऱ्याच्या कारखान्याची ग्रुप पॉलिसी होती. त्यात आई-वडीलही आहेत, विम्याची रक्कम ३ लाख. आम्ही निर्धास्त. खोली विचारली तर ३,००० वाल्या सगळ्या भरलेल्या, ५,००० ची एक रिकामी. म्हटलं, दिवसाला २,००० आपण वर घालू. सहा दिवसांचे १२,०००. म्हातारा माणूस आहे, एवढं चालायचंच.

डिस्चार्जच्या दिवशी बिल आलं २,६०,०००. विमा कंपनीने मंजूर केले १,८३,६००. आम्ही काउंटरवर भरले ७६,४००.

१२,००० चे ७६,४०० कसे झाले ते समजायला मला दोन रात्री लागल्या, आणि माझा तर धंदाच हिशेबाचा. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,०००. ती ओलांडली की नुसत्या भाड्याचा फरक कापून थांबत नाहीत. सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर, डॉक्टरांच्या फेऱ्या, सगळं त्याच प्रमाणात कापतात. ५,००० पैकी ३,००० म्हणजे ६० टक्के. या बाबींचं बिल १,२६,००० होतं, त्यातले ५०,४०० आमच्या अंगावर. भाड्यातला फरक १२,०००. म्हणजे वरची खोली घेतल्याची किंमत ६२,४००. राहिलेले १४,००० हातमोजे, डायपर, फाईलचे पैसे असल्या किरकोळ गोष्टींचे. इम्प्लांट, औषधं आणि तपासण्यांचे ९०,००० तेवढे पूर्ण मिळाले.

मी हे घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं आणि वाद पेटला. धाकटा दीर पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेलेला. तो म्हणतो, वहिनी, इथे बिल नावाची वस्तूच नाही, सगळ्या देशाची थैली एक. नवरा म्हणतो, एकच थैली म्हणजे एकच रांग, आणि रांगेत म्हातारा गेला तर विचारणार कोणाला? दहा कंपन्या असल्या तर निदान एक सोडून दुसरीकडे जाता येतं.

मला दोघांचंही पटत नाही, कारण आमच्या एका घरातच किती थैल्या आहेत बघा. नवऱ्याचा पगार २१,००० च्या आत होता तोवर आम्ही ईएसआयमध्ये, म्हणजे पगारदारांच्या सरकारी विमा योजनेत होतो. पगार वाढला आणि बाहेर पडलो. मग ही ग्रुप पॉलिसी, ती नोकरी असेपर्यंतच. दीनदयाळचं कार्ड आहे: तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख. गोमेकॉ, म्हणजे बांबोळीचं सरकारी इस्पितळ, आहेच. आणि शेवटी माझ्या कपाटातला पितळी डबा.

त्यात माझं माहेर दोडामार्ग, सीमेपलीकडे महाराष्ट्रात. तिलारीचं पाणी गोव्यात येतं, तिकडची माणसं बांबोळीला येतात, हे पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. जानेवारी २०१८ पासून गोमेकॉत गोव्याबाहेरच्यांना शुल्क लागू झालं. तेव्हा दोडामार्गात आंदोलन झालं, त्यात माझा भाऊ बसला होता. मी लग्न करून इकडे आले म्हणून थैलीच्या आत, आई तिथेच राहिली म्हणून बाहेर. गोव्याच्या करदात्याने शेजारच्या राज्याचा खर्च का उचलावा, हा प्रश्नही मला कळतो. गंमत म्हणजे आता मीही तीच करदाती.

तर विचारायचं हे: थैली एक असावी की अनेक? आणि दोन्हींत पैसे शेवटी कोणाच्या खिशातून जातात? अनुभवाचं सांगा.

नाईटशिफ्टवाला (स्विंडन, मूळ मडकई)

वहिनी, तुमचा दीर मी नव्हे, आधीच सांगतो. पण तो अर्धं बरोबर बोलतो.

इथे बायकोचं बाळंतपण झालं. सिझेरियन, चार दिवस मुक्काम. निघताना मी सवयीने काउंटर शोधत होतो. नर्सने विचारलं, काय हरवलं? पैसे गेले ते फक्त गाडी उभी करायचे. पण म्हणून फुकट म्हणू नका. ५ जुलै १९४८ पासून ही व्यवस्था मुख्यतः सरकारच्या करातून चालते, थोडा भाग नॅशनल इन्शुरन्सचा. दोन्ही माझ्या पगाराच्या चिठ्ठीवर दर महिन्याला कापलेले दिसतात. औषधाच्या दर चिठ्ठीमागे इंग्लंडमध्ये ९.९० पौंड द्यावे लागतात, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये काही नाही. इथून वेल्स तासाभरावर, म्हणून आम्ही चेष्टेत म्हणतो, खोकला तिकडे जाऊन काढावा.

तुमच्या आईसारखी माणसं इथेही आहेत. आता नवीन येणाऱ्याला व्हिसासोबत आरोग्याचा वेगळा आकार पडतो, मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, तोही आगाऊ. तीन वर्षांच्या व्हिसाला ३,१०५. वर पगारातून कर कापला जातोच. एकाच थैलीत दोनदा पैसे टाकायचे.

आणि तुमच्या घोवाचं म्हणणं खोटं नाही. इंग्लंडमध्ये ठरवून करायच्या उपचारांच्या यादीत ७० लाखांहून जास्त नोंदी आहेत. मी खांद्यासाठी त्यातलाच एक. पण खुबा मोडून गेला असता तर मला थांबवलं नसतं, हेही तितकंच खरं. इथली रांग पैसा बघत नाही, निकड बघते.

टिप्परवाला

फुकट काही नसतं. आम्ही कर भरायचा आणि बाकीच्यांनी उपचार घ्यायचे. ज्याचा त्याने विमा काढावा, विषय संपला.

विम्याची_खिडकी (मडगाव)

टिप्परवाले बाब, मी एका खाजगी इस्पितळाच्या विमा काउंटरवर नऊ वर्षं बसते. विषय तिथेच तर सुरू होतो.

ताई, तुमच्या प्रश्नात एक गोष्ट हातची सुटली असं मला वाटतं. थैल्या किती यापेक्षा दरपत्रकं किती हे बघा. माझ्या ड्रॉवरमध्ये एकाच खुब्याच्या ऑपरेशनचे सात-आठ दर आहेत. या कंपनीशी करार असा, त्या कंपनीशी तसा, सरकारी योजनेचं पॅकेज सगळ्यात कमी, आणि ज्याच्याकडे काहीच नाही, रोख भरणार, त्याला सगळ्यात चढा. ज्याच्या पाठीशी कोणी नाही तोच जास्त भरतो. नऊ वर्षांत मला याचं उत्तर मिळालेलं नाही आणि विचारायचं धाडसही आता राहिलं नाही.

प्रत्येक कंपनीचा फॉर्म वेगळा, पोर्टल वेगळं, मध्ये टीपीए, म्हणजे कंपनीच्या वतीने दावे हाताळणारी मधली संस्था. एकीला एक्स-रेची फिल्म लागते, दुसरीला फोटो चालतो, तिसरी विचारते की पेशंट पडला तेव्हा प्यायलेला होता का. आमच्याकडे साठ खाटा, आणि आम्ही चौघीजणी फक्त हेच करतो. चौघींचा पगार बिलात असतोच, वेगळी ओळ नसते एवढंच. पलीकडे कंपनीतही आमचे कागद तपासायला माणसं बसलेली. त्यांचा पगार तुमच्या हप्त्यात.

जर्मनीत विमा निधी एक नाही, शंभराच्या आसपास आहेत. बिस्मार्कच्या १८८३ च्या कायद्यापासूनची परंपरा. म्हणजे तुमच्या यजमानांना हवं तसं: एक सोडून दुसरीकडे जाता येतं. पण तिथे भाव निधीगणिक बदलत नाहीत, सगळ्यांनी मिळून ठरवलेले. हप्ता आजारावर नाही, पगारावर: १४.६ टक्के, अर्धा कामगाराचा, अर्धा मालकाचा, वर निधीचा थोडा जादा आकार. न कमावणारा नवरा किंवा बायको आणि मुलं त्यातच. आजारी आहेस म्हणून नाही म्हणता येत नाही. जास्त पगाराच्या माणसाला बाहेर पडून खाजगी विमा घेता येतो, आणि तिकडेही याच मुद्द्यावर भांडणं होतात, की सुदृढ श्रीमंत बाहेर गेला तर आत राहिलेल्यांवर बोजा. उलट अमेरिकेत थैल्याही अनेक आणि भावही अनेक, आणि देशाच्या उत्पन्नातला १७ टक्क्यांच्या आसपासचा वाटा त्यात जातो.

आता तुमच्या कामाचं. ही जी प्रमाणात कात्री लावतात, तिला विमा नियामकाने बंध घातलेत. औषधं, इम्प्लांट, तपासण्या यांना ती लावता येत नाही, ते तुम्हाला मिळालं. पण आणखी एक आहे: ज्या इस्पितळात खोलीच्या प्रकारानुसार इतर दर बदलत नाहीत, म्हणजे जनरल वॉर्ड असो की डिलक्स, सर्जनची फी तेवढीच, तिथे ही कात्री चालत नाही. इस्पितळाकडून दरपत्रक लेखी मागा. दर सारखे निघाले तर ५०,४०० साठी तक्रार करा, आधी कंपनीकडे, मग विमा लोकपालाकडे.

आणि सासऱ्यांचं वय ७४ ना? ऑक्टोबर २०२४ पासून ७० आणि त्यावरच्या वयाच्यांसाठी आयुष्मानचं ५ लाखांचं कार्ड आहे, उत्पन्नाची अट नाही. खाजगी विमा असला तरी मिळतं. दुसरी सरकारी योजना असेल तर मात्र कोणती ठेवायची ते निवडावं लागू शकतं. दीनदयाळचं कार्ड आहे म्हणता, म्हणून आधी विचारून घ्या.

दवाखाना_फोंडा

खिडकीवरच्या बाईंनी मनापासून लिहिलंय. पण डॉक्टरची बाजू कोणीच मांडत नाही, म्हणून लिहितो. ३१ वर्षं दवाखाना चालवतो, फी २००. उधारीही चालते, वही आहे.

एकच गिऱ्हाईक असलेल्या दुकानदाराची अवस्था डोळ्यांपुढे आणा. भाव तो ठरवणार, पैसे त्याला सोयीचं होईल तेव्हा. सगळ्या देशाच्या वतीने एकच जण बिल भरणार असेल तर त्याच्या हातात सगळ्या डॉक्टरांची मानगूट. कॅनडात हेच भय होतं. सस्कॅचवान प्रांतात १ जुलै १९६२ ला योजना सुरू झाली त्याच दिवशी डॉक्टर संपावर गेले, २३ दिवस. तडजोड काय झाली? डॉक्टर स्वतंत्रच राहिला, दवाखाना त्याचा, बिल मात्र सरकारने भरायचं. पुढे सगळ्या देशात तेच झालं, आणि १९८४ च्या कायद्याने पेशंटकडून वरचे पैसे घेऊ देणाऱ्या प्रांताच्या अनुदानालाच कात्री लागली.

इथे लोक हमखास गल्लत करतात. थैली एक म्हणजे इस्पितळं सरकारी असं नव्हे. ब्रिटनमध्ये सरकार पैसेही देतं आणि इस्पितळंही चालवतं, आपल्या गोमेकॉसारखं. कॅनडात ते फक्त पैसे देतं. आणि तिकडेही इस्पितळाबाहेरची औषधं आणि दात बहुतेकांनी स्वतःच, नाहीतर नोकरीतल्या विम्यातून बघायचे. माझा भाचा टोरांटोहून सुट्टीला येतो तो दातांची कामं म्हापशात उरकून जातो.

मला स्वतःला तैवान पटतं. १ मार्च १९९५ ला त्यांनी कामगारांची, शेतकऱ्यांची, सरकारी नोकरांची वेगवेगळी खाती एकत्र केली. आपल्याकडे आज ईएसआय, केंद्रीय कर्मचाऱ्यांची सीजीएचएस, राज्याची योजना अशी फाळणी आहे ना, अगदी तशी होती. पेशंट हव्या त्या डॉक्टरकडे जातो, कार्ड दाखवतो. डॉक्टर मात्र दिवसाला ढीगभर पेशंट उरकतात, कारण दर पडलेले. दोन मिनिटांत पेशंट बघणारा डॉक्टर तुम्हाला चालेल का? मला तसा व्हायचं नाही.

आपल्याकडे भोर समितीने १९४६ सालीच लिहून ठेवलं होतं की पैसे देता येत नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये. त्यानंतर दोन वर्षांनी ब्रिटनने सुरुवात केली. आम्ही ईएसआयचा कायदा केला, तोही १९४८ चाच, पण पगारदारांपुरता. बागायतदार, माडी काढणारे रेंदेर, मासे विकणारी, सगळे बाहेर.

टिप्परवाला

दोतोर, भाषण बरं आहे. पण कर मी भरतो हे कोणी खोडलेलं नाही.

कुळागरातली_सून (डिचोली)

टिप्परवाले भाऊ, मी खोडते. म्हणजे अर्धं खोडते.

कर तुम्ही भरता तसा आमच्या कुळागरात सुपाऱ्या सोलायला येणारी बाईही भरते, साबणावर, चपलांवर. आयकर भरत नाही म्हणून कर भरत नाही असं नाही. आणि विमा काढणाऱ्याने आजवर सरकारला पैसे दिलेच होते की. २१ सप्टेंबर २०२५ पर्यंत घरगुती आरोग्य विम्याच्या हप्त्यावर १८ टक्के जीएसटी होता. २०,००० च्या हप्त्यावर ३,६००. ज्याने स्वतःचं स्वतः बघायचं ठरवलं त्याच्याकडूनच वसुली!

दोन रात्री जागून मला जे दिसलं ते असं. नवऱ्याचा कारखाना ग्रुप पॉलिसीचा हप्ता भरतो, तो कारखान्याचा खर्च नाही. तो नवऱ्याच्या न वाढलेल्या पगारात आहे. ईएसआयच्या वेळी निदान चिठ्ठीवर दिसायचं, ०.७५ टक्का आमचा, ३.२५ मालकाचा. आता तेही दिसत नाही. नवरा निवृत्त होईल त्या दिवशी पॉलिसी संपेल. म्हणजे धडधाकट असतानाचे हप्ते विमा कंपनीने घ्यायचे आणि गुडघे, खुबे, डोळे सुरू झाले की माणूस सरकारच्या दारात. भाऊ, तुमच्या करातून जातं ते इथे. ‘ज्याचा त्याने विमा’ काढला तरी म्हातारपण शेवटी तुमच्या करातच येणार, फक्त त्याच्या तरुणपणाचे पैसे थैलीत पडलेले नसतील.

म्हणून माझा कल आता एका थैलीकडे झुकलाय, डॉक्टरांची भीती कळूनही. देशातल्या एकूण आरोग्यखर्चात लोकांनी थेट खिशातून भरलेला वाटा २०१३-१४ ला ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ ला ३९.४ वर आला, असा सरकारी हिशेब आहे. उतरला हे चांगलंच. पण हिशेब लिहिणारी म्हणून सांगते, त्यात शिलकीच्या काही ओळी नसतात. मी सहा दिवस बिनपगारी रजा टाकली. नवऱ्याने टीपीएला अकरा फोन केले. मधल्या काळात पोफळींवर फवारणी राहिली आणि कोळेरोग लागला तो वेगळाच. हे कुठल्या थैलीतून गेलं म्हणून लिहायचं?

दोडामार्गचं उत्तर मात्र कोणीच दिलं नाही. देणार तरी काय, स्विंडनच्या भावाने सांगितलंच, थैलीला तोंड असतं तसा काठही असतो.

खिडकीवाल्या ताई, देव बरें करूं. उद्या सकाळी इस्पितळात फोन लावते.

नाईटशिफ्टवाला (स्विंडन, मूळ मडकई)

फोन लावला की इथे कळवा. आणि सासऱ्यांना शेवाळावर चुना टाकायला सांगा, आमचे आजोबा टाकायचे.

कुळागरातली_सून (डिचोली)

लावला. तीन ठिकाणी फिरवून शेवटी बिलिंगमधला मुलगा बोलला. त्यांच्याकडे खोलीनुसार सर्जनची फीही बदलते. दरपत्रक लेखी मागितलं तर मेल करतो म्हणाला, केलंही. ३,००० च्या खोलीत हेच ऑपरेशन झालं असतं तर त्या १,२६,००० च्या जागी ८४,००० लागले असते.

म्हणजे कंपनीची कात्री नियमातच बसते, तक्रारीला जागा नाही. सासऱ्यांना सांगितलं. ते काठी घेऊन ओसरीवर बसलेले, म्हणाले, त्या खोलीत टीव्हीसुद्धा चालत नव्हता.